हरित नूतनीकरणासाठी कर्ज काढावं का?

प्रश्न: आमचं घर २२ वर्षांचं आहे. नूतनीकरणासाठी साठवलेले पैसे साध्या कामाला पुरतात. कॉन्ट्रॅक्टरने मात्र 'पर्यावरणपूरक पॅकेज' सुचवलंय: दुहेरी काचेच्या खिडक्या, बांबूची फरशी, नवं किचन, सोलर. खर्च ४० टक्क्यांनी वाढतो. वरची रक्कम गृहकर्जावर १० टक्के व्याजाने टॉप-अप घेऊन भागवावी, की मुदत ठेव मोडावी?

उत्तर: दोन्ही नको, निदान अख्ख्या पॅकेजसाठी तरी नको. पर्यावरणाची काळजी आहे ही चांगली गोष्ट, पण या कोटेशनमध्ये ती काळजी आणि नव्याची हौस एकाच बेरजेत घातली आहे. आधी ती वेगळी करू.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनची पहिलीच ओळ बघा: 'जुनं किचन व फरशी काढून टाकणे'. म्हणजे तोडण्याची मजुरी, राडारोडा उचलण्याचा खर्च आणि मग नव्याचा खर्च, तिन्ही तुमच्याच खिशातून. जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. फरशी बदलली की खालचा सिमेंटचा थरही बहुधा नव्याने घालावा लागतो. धड असलेली फरशी उखडून बांबू बसवण्यात हरित असं फारसं काही नाही. किचनचे बॉक्स पक्के आहेत आणि फक्त शटर फुगलेत, असं तुम्हीच लिहिलंय. मग सुताराकडून शटर आणि बिजागऱ्या बदलून घ्या, ओटा तसाच राहू द्या. नवे शटर घेताना बोर्ड कमी फॉर्माल्डिहाइडचा (हा बोर्डच्या गोंदातून सुटणारा अपायकारक वायू) आहे ना, हे विचारा. रंगही कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला घ्या. थोडा महाग पडतो, पण इथे मी हिशोब मांडत बसणार नाही, कारण ती हवा घरातलेच लोक घेतात. मात्र जुना रंग घासण्याआधी त्यात शिसं नाही ना, हे तपासून घ्या.

खिडक्यांचा हिशोब मात्र मांडायलाच हवा. तुमच्याच आकड्यांप्रमाणे जादा खर्च वसूल व्हायला २० वर्षं लागतात. म्हणजे वर्षाला ५ टक्के परतावा, आणि त्यासाठी १० टक्के व्याज! वीजदर वाढतील हे धरलं तरी हा व्यवहार आतबट्ट्याचाच. त्याऐवजी चौकटीच्या फटी सिलिकॉनने बुजवा, पल्ल्यांना रबरी पट्टी लावा, आणि ऊन येणाऱ्या खिडक्यांना बाहेरून सावली करा. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, बाहेरची सावली त्याआधीच.

लगेच पैसे सोडावेत अशा गोष्टी किरकोळ दिसतात. ६० वॉटचा जुना बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास चालला, तर एका दिव्यामागे वर्षाला साधारण ९३ युनिट वाचतात. नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी लावा. जुना फ्लश टँक एका वेळी १० लिटर किंवा जास्त पाणी ओतत असेल, तर ३ आणि ६ लिटरचा दुहेरी फ्लश घ्या. पण जुन्या भांड्याला तो चालेल का, हे प्लंबरला आधी दाखवा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ वर्षाकाठी ११ हजार लिटरच्या आसपास पाणी घालवतो, आणि त्याचा वॉशर बदलणं हे या सगळ्यातलं सर्वात स्वस्त काम. छत तापत असेल तर वर पांढरा परावर्तक लेप द्या. एसी बदलायचा झाला तर तो या कामांनंतरच, कदाचित लहान क्षमतेचा पुरेल.

सोलरला माझा विरोध नाही. पॅकेजमधली कर्ज काढण्याजोगी वस्तू असेल तर हीच, कारण वाचलेल्या बिलातून हप्ता निघू शकतो. पण आजच्या वापरावर यंत्रणेचा आकार ठरवलात तर गरजेपेक्षा मोठी घेऊन बसाल. आधी वापर खाली आणा, वर्षभराची बिलं हातात येऊ द्या, मग त्यावर दोन-तीन ठिकाणांहून कोटेशन मागवा. छताची दुरुस्ती असेल तर तीही पॅनेल चढवण्याआधीच उरका.

मुदत ठेवीला हात लावू नका. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी ती तुमची एकमेव गंगाजळी आहे, आणि भिंत उघडल्यावर आत कुजलेला पाइप निघाला तर ती लागेल. तुमच्या मूळ बजेटातलेही १० ते १५ टक्के अशाच कामांसाठी बाजूला ठेवा.

आता कॉन्ट्रॅक्टरकडून नवं कोटेशन घ्या, प्रत्येक कामाचा दर वेगळा लिहिलेलं. 'पॅकेज सुटं करता येत नाही' असं तो म्हणाला, तर दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघा.