दिवस गेलेत, आता ती गोळी बंद करू का?

हेरॉइनचं किंवा वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन सुटावं म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे आणि अशात दिवस राहिले, तर काय करायचं? हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. लिहिणारी कधी स्वतः गरोदर असते, कधी नवरा लिहितो, कधी आई. डोसचे आकडे मी इथे देणार नाही. डोस पेशंटला समोर बसवून ठरतो, पत्र वाचून नाही.

प्रश्न : दीड वर्षापासून ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवते. आता सहावा आठवडा आहे. सासूबाई म्हणतात, बाळासाठी आजच बंद कर. बहीण म्हणते, थोडी थोडी कमी कर. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघींचंही नको. आजची गोळी नेहमीच्या वेळी घ्या आणि याच आठवड्यात व्यसनमुक्तीचे डॉक्टर आणि प्रसूतितज्ज्ञ या दोघांना भेटा. त्या दोघांना एकमेकांचे फोन नंबरही द्या.

काही महिन्यांपूर्वी एक बाई माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी पर्समधून एक डबी काढली. आत ब्लेडने कापलेले गोळ्यांचे तुकडे होते. अर्धे, पाव, पावाचेही अर्धे. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून अकरा दिवस त्या स्वतःच्या हिशेबाने डोस उतरवत होत्या, तेही बाळाच्या काळजीपोटी. झोप उडाली होती, जुलाब लागले होते, आणि आदल्या रात्री त्यांनी पावडर (हेरॉइन) देणाऱ्या जुन्या माणसाला फोन लावला होता. त्याने उचलला नाही, म्हणून त्या माझ्यापर्यंत पोचल्या. या सगळ्या विषयात मला धास्ती वाटते ती या अकरा दिवसांची.

पावडर घेणाऱ्या बाईच्या रक्तातलं ओपिऑइडचं (अफूच्या जातीच्या पदार्थाचं) प्रमाण दिवसातून अनेकदा चढतं आणि कोसळतं. तिला टर्की लागते, म्हणजे नशा उतरल्यावर अंग तोडणारा त्रास होतो, तेव्हा पोटातलं बाळही ती सोसत असतं. औषध ठरल्या वेळी घेतलं की हे चढउतार थांबतात, बाई जेवते, झोपते, तपासणीला येते. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा या दोन बायकांचे दिवस शेजारी ठेवून पाहावेत.

औषध सोडलं की गर्भ पडतोच, असं पूर्वी सांगितलं जायचं. आज इतकं ठामपणे कुणी सांगत नाही. देखरेखीखाली औषध उतरवून सुखरूप बाळंत झालेल्या बायकाही आहेत. धोका असतो तो त्यानंतर. औषध सुटलेल्या बहुतेक जणी पुन्हा घसरतात, आणि तोवर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी सहज पचणारं प्रमाण आता श्वास थांबवतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली गरोदर स्त्रियांसाठी स्पष्ट सांगितलं की औषध काढून घेण्यापेक्षा ते चालू ठेवण्याकडेच कल असावा. मेथाडोन तर 1970च्या दशकापासून गरोदरपणात दिलं जातंय. हे काल आलेलं औषध नाही. आणि ‘पुढच्या सोनोग्राफीला विचारू’ असं म्हणून थांबू नका. सोनोग्राफी महिन्यावर असते, टर्की एकदोन दिवसांत लागते.

प्रश्न : मी मेथाडोनवर आहे. बाळासाठी ब्युप्रेनॉर्फिन चांगलं असं वाचलं. बदलून घेऊ का?

उत्तर : मेथाडोनवर तुमचं बस्तान नीट बसलं असेल तर सहसा बदलू नये. तुम्ही वाचलंत त्यात तथ्य आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी 10 दिवस रुग्णालयात राहिली, मेथाडोनवाल्यांची 17.5 दिवस. पण त्याच अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिनच्या गटातल्या 33 टक्के बायका उपचार अर्धवट सोडून गेल्या, मेथाडोनच्या गटातल्या 18 टक्के. हा दुसरा आकडा कुणी सांगत नाही. शिवाय मेथाडोन अंगात असताना ब्युप्रेनॉर्फिन घेतलं तर ते मेथाडोनला जागेवरून ढकलतं आणि तासाभरात जोरदार टर्की लागू शकते. नव्याने उपचार सुरू होणार असतील तर ब्युप्रेनॉर्फिनचा विचार आधी होतो. निवड तुमच्या डॉक्टरांसोबत बसून करा.

प्रश्न : माझ्या गोळीत नॅलोक्सोनही आहे. बाळाला घातक आहे का?

उत्तर : नॅलोक्सोन म्हणजे ओपिऑइडचा उतारा. गोळी जिभेखाली ठेवल्यावर ते रक्तात जवळजवळ उतरत नाही, आणि आजवरच्या अभ्यासांत त्याने बाळाला अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. गोळी बदलण्याची गरज आहे का, ते डॉक्टर सांगतील.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. सकाळचं मेथाडोन संध्याकाळपर्यंत पुरत नाही. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. माझं व्यसन वाढतंय का?

उत्तर : नाही. शेवटच्या महिन्यांत अंगातलं रक्त-पाणी वाढतं आणि यकृत मेथाडोन लवकर निकामी करतं, त्यामुळे तोच डोस अपुरा पडतो. बऱ्याच जणींना डोस वाढवावा लागतो किंवा दिवसातून दोनदा विभागून द्यावा लागतो. बाळाची लक्षणं आईच्या डोसच्या मापाने वाढत नाहीत, तेव्हा ‘कमीत भागवते’ म्हणून कळ काढू नका. उद्याच तुमच्या औषध देणाऱ्या केंद्रावर सांगा. बाहेरून काही घेऊन भर घालू नका. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडोल हेही ओपिऑइडच आहे.

प्रश्न : औषध घेतल्यावर उलटी झाली तर पुन्हा घ्यायचं?

उत्तर : आपल्या मनाने नाही, किती वेळाने उलटी झाली ते केंद्राला कळवा.

प्रश्न : एका जाहिरातीत ‘सात दिवसांत शरीर पूर्ण स्वच्छ’ असं पॅकेज आहे. बायकोला पाचवा महिना आहे. दाखल करू का?

उत्तर : करू नका. ‘शरीर स्वच्छ’ म्हणजे काय, हे त्या जाहिरातवाल्यांना लिहून द्यायला सांगा. देणार नाहीत. सात दिवसांत टर्की ओसरते, व्यसन जात नाही. आठव्या दिवशी तुमच्या पत्नी घरी येतील तेव्हा त्यांच्याजवळ ना औषध असेल ना शरीराची जुनी सवय, आणि त्या अवस्थेत एक घसरण जिवावर बेतू शकते. अशा ठिकाणी नाल्ट्रेक्सोनचं, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम रोखणाऱ्या औषधाचं, इंजेक्शनही सुचवतात. ओपिऑइड अंगात असताना ते दिलं तर तत्काळ टर्की, आणि गरोदरपणातला त्याचा अनुभव अजून फार तोकडा आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या, घटक न छापलेल्या चूर्णाबद्दल तर मी गरोदर बाईला एकच सांगतो, तोंडात घालू नका. ते पैसे तपासण्यांना ठेवा. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही झाल्या आहेत का, ते आधी विचारा.

प्रश्न : बाळ व्यसनी जन्मेल का?

उत्तर : नाही, आणि हा शब्द बाळाला कुणी लावू देऊ नका. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही पदार्थाच्या मागे धावतो. तान्हं मूल कशाच्या मागे धावणार? त्याच्या शरीराला औषधाची सवय असते आणि नाळ तुटल्यावर ती मोडते, एवढंच. कापरं, किरकिर, चिरका आवाज, शिंका, ओढून पिणं पण पोटात कमी जाणं, अशी लक्षणं साधारण पहिल्या तीन दिवसांत दिसतात. काहींना उशिरा येतात, म्हणून चार ते सात दिवस रुग्णालयात थांबायची तयारी ठेवा. दुसऱ्याच दिवशी डिस्चार्जचा आग्रह धरू नका.

यावर उपचार आहेत, आणि पहिला उपचार तुम्ही स्वतः आहात. मंद उजेड, शांत खोली, आईच्या उघड्या छातीवर आडवं घातलेलं बाळ. कापरे हात थोड्या वेळाने सैल पडताना मी पाहिले आहेत. अमेरिकेतल्या 26 रुग्णालयांतला 2023चा अभ्यास हेच सांगतो. बाळ पितंय का, झोपतंय का, उगी राहतंय का, एवढ्यावर लक्ष ठेवलं तेव्हा 19.5 टक्के बाळांनाच औषध लागलं. लक्षणांना गुण देण्याच्या जुन्या पद्धतीत 52 टक्के. सिगारेट मात्र ही लक्षणं वाढवते, आणि झोपेच्या गोळ्याही. त्या गोळ्या चालू असतील तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : अंगावर पाजू का?

उत्तर : हो; दुधात औषध फार कमी उतरतं. एचआयव्ही असेल किंवा पुन्हा पावडर सुरू झाली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : प्रसूतीच्या वेळी हे औषध लपवलं तर चालेल? नर्स नावं ठेवतील अशी भीती वाटते.

उत्तर : भीती खरी आहे, आणि नावं ठेवणाऱ्यांचा मला राग आहे. पण लपवू नका. कळांसाठी पेंटाझोसिन, ब्युटॉर्फॅनॉल किंवा नाल्ब्युफिन दिलं गेलं तर तुम्हाला तिथेच टर्की लागू शकते. ही तीन नावं फाइलच्या पहिल्या पानावर ‘देऊ नये’ असं लिहून डॉक्टरांची सही घ्या. रोजचा डोस त्या दिवशीही चालू राहतो, पण त्याने कळा थांबत नाहीत. एपिड्युरल (कळांसाठी पाठीत दिलं जाणारं भुलीचं औषध) घेता येतं. भूलतज्ज्ञांना आठव्या महिन्यातच भेटून ठेवा.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं झालं. सगळं ठीक आहे. आता तरी औषध सोडू?

उत्तर : आत्ता नको. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नोंदींवरून दिसलं की ओव्हरडोस गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत सगळ्यात कमी होते आणि बाळंतपणानंतर सातव्या ते बाराव्या महिन्यात सगळ्यात जास्त. बाळंतपणापर्यंत सगळे विचारपूस करतात, नंतर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. जागरणं, उदासी, एकटेपणा नेमका तेव्हाच येतो. बाळंतपणानंतर फार गुंगी येत असेल तर डोस जास्त होत असू शकतो, तेही लगेच कळवा. घरात नॅलोक्सोन ठेवा आणि ते द्यायचं कसं हे घरच्यांना शिकवा. ओठ निळे पडले, श्वास मंदावला, हलवूनही जाग येत नाही, तर ते देऊन रुग्णवाहिका बोलवायची. बाई गरोदर असली तरीसुद्धा. आणि बाळाच्या लसींच्या तारखा ज्या कार्डावर आहेत, त्याच कार्डावर स्वतःच्या भेटींच्या तारखा लिहून घ्या.