कटिंग्जवरून (विहीर खोदताना वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांवरून) थर जुळवताय? आधी एवढं सांभाळा

पनवेलला नवीन रुजू झालात आणि मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या पट्ट्यातल्या विहिरींचे थर एकमेकींशी जुळवायला बसलात, तर लगेच आलेखांच्या मागे लागू नका. नमुना नीट झाला की निम्मं काम झालं.

कटिंग्जमध्ये वरच्या थरांचा ढासळलेला माल मिसळलेला असतो. त्यामुळे जीवाश्माची एखादी जात सर्वांत खाली कुठे मिळाली यावर विसंबू नका. वरून खाली जाताना ती पहिल्यांदा जिथे दिसते, ती खोली धरा. न्युम्युलाइटीस (नाण्यासारख्या कवचाचा जीवाश्म) झिजलेला, वेगळ्या रंगाचा दिसला, तर तो जुन्या खडकातून वाहून आलेला असू शकतो.

शेलसाठी (चिखलापासून बनलेल्या खडकासाठी) चाळणी ६३ मायक्रॉनची. प्रत्येक नमुन्यानंतर ती मिथिलीन ब्लूमध्ये बुडवा: मागे अडकलेलं कवच निळं होतं आणि पुढच्या नमुन्यात लगेच ओळखू येतं. नवखे हमखास हेच टाळतात. कठीण चुनखडीचे मात्र पातळ छेदच करावे लागतात.

रसायनाचं म्हणाल तर:
- बेरियम बाजूला ठेवा. ड्रिलिंग मडमधल्या (खोदताना विहिरीत सोडलेल्या चिखलातल्या) बराइट या बेरियमच्या खनिजामुळे त्याचा आकडा फुगतो.
- नुसते टक्के जुळवू नका. चुना वाढला की बाकी सगळं कमी दिसतं. झिर्कोनियम आणि टायटॅनियमची अ‍ॅल्युमिनियमशी गुणोत्तरं पाहा.
- पावसाळ्यात इथल्या हवेत पूड ओल धरते. एक्सआरएफखाली (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राखाली) ठेवण्याआधी पुन्हा वाळवा, नाहीतर हलक्या मूलद्रव्यांचे आकडे घसरतात.

जीवाश्म, गुणोत्तर आणि गॅमा लॉग (खडकांच्या नैसर्गिक किरणोत्साराचा विहिरीतला आलेख) तिन्ही एकाच खोलीच्या आसपास बदलले, तरच दोन विहिरींमधला थर जोडणारी रेघ ओढा. आयसोटोपची (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंची) मोजणी सध्या राहू द्या.