रेट कॉन्ट्रॅक्ट घ्या, पण घर गहाण टाकू नका

प्रश्न (थोडक्यात) : माझं तळोजा एमआयडीसीत वर्कशॉप आहे. तीन लेथ, नऊ कामगार. त्याआधी १४ वर्षं मुंबई हायच्या समुद्रातल्या रिगवर, म्हणजे तेलविहीर खोदणाऱ्या यंत्रणेवर, मेकॅनिक होतो. आज ७० टक्के काम एकाच रिग कंत्राटदाराचं आहे : विहीर खोदायच्या ड्रिल पाइपचे आणि जड ड्रिल कॉलरचे झिजलेले आटे पुन्हा कापणं, वेगवेगळे आटे जोडणारे तुकडे (क्रॉसओव्हर सब) बनवणं. बाकी काम केमिकल कारखान्यांचे पंप शाफ्ट. खर्च आणि पगार जाऊन महिन्याला सरासरी २ लाख ६० हजार उरतात, घराला ९० हजार लागतात. आता कंत्राटदार तीन वर्षांचं रेट कॉन्ट्रॅक्ट देतोय, पण जाड पाइप आरपार जाईल असं मोठ्या बोअरचं, संगणकावर चालणारं सीएनसी लेथ हवं म्हणतो. नवीन मशीन १ कोटी ६० लाख. जवळ ४० लाख आहेत. उरलेल्यासाठी बँक राहतं घर तारण मागते. वापरलेलं मशीन ७५ लाखांत मिळतंय. मुलगी बारावीला आहे. काय करू?

उत्तर : मशीन घ्या, पण वापरलेलं. आणि घर तारण ठेवू नका.

तुमच्या पत्रात ‘तीन वर्षांचं काम’ हे शब्द दोनदा आलेत. सोबत पाठवलेला कराराचा मसुदा मी शेवटपर्यंत वाचला. त्यात काम कुठेच नाही, फक्त दर आहेत. पिनचा (बाहेरचा) आटा कापायचे किती, बॉक्सचे (आतल्या आट्याचे) किती, आट्याजवळचा खांदा घासून सरळ करायचे किती, हे सगळं ठरलंय. महिन्याला किती पाइप तुमच्या दारात उतरतील, याबद्दल एक ओळ नाही. उद्या एकही पाइप आला नाही तरी त्यांनी करार मोडला असं होणार नाही. बँकेचा हप्ता मात्र ५ तारखेला जाणारच.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. २०१४ च्या जूनमध्ये कच्चं तेल पिंपाला ११५ डॉलरच्या आसपास होतं, २०१६ च्या जानेवारीत ३० च्या खाली आलं. त्या दीड वर्षात माझ्याकडे येणाऱ्या एका वर्कशॉपवाल्याचं काम हळूहळू आटलं. मी गेलो तेव्हा कोपऱ्यात ताडपत्रीखाली नवं कोरं लेथ होतं आणि दारात लाल प्लॅस्टिकच्या टोप्या घातलेले पाइप महिनोन्‌महिने तसेच पडून होते. कोणी ‘नको’ म्हणालं नव्हतं, फक्त ‘थांबा’ म्हणाले होते. ते वर्कशॉपवाले शेवटी घर विकून सुटले. आणि फटका दर वेळी तेलाच्या भावातूनच येतो असंही नाही. २०२४ मध्ये सौदी अरामकोने वीसहून जास्त जॅक-अप रिगची (समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या) कामं थांबवली. असे रिकामे रिग दुसरीकडे काम शोधतात, भाडी उतरतात, आणि भाडं उतरलं की कंत्राटदार पहिली कात्री दुरुस्तीच्या बिलांना लावतो.

आता आकडे. १ कोटी २० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, सात वर्षं : हप्ता २ लाख २ हजार. घरखर्च जाऊन तुमच्याकडे उरतात १ लाख ७० हजार. म्हणजे नव्या कामातून दर महिन्याला पैसे आलेच पाहिजेत, पहिल्या महिन्यापासून. ७५ लाखांच्या मशीनसाठी तुमचे २५ आणि बँकेचे ५० लाख घेतले, तर त्याच व्याजाने हप्ता ८४ हजारांवर येतो. तो आजच्या कामातूनही निघतो. उरलेल्या १५ लाखांपैकी १० लाख वेगळ्या मुदत ठेवीत टाका आणि विसरून जा. तो एक वर्षाचा हप्ता आहे. आजचं कामही बहुतेक त्याच कंत्राटदाराचं असल्यामुळे जुनं आणि नवं एकाच दिवशी थांबू शकतं, म्हणून हा पैसा हवाच. उरलेल्या ५ लाखांत सगळ्या आट्यांचे गेज (आटा तपासायची मापं) बसणार नाहीत. ज्या दोन मापांचं काम सर्वांत जास्त येतं त्यांचेच आधी घ्या.

वापरलेलं मशीन फोटोवर ठरवू नका. एनसी ५० चा (ड्रिल पाइपच्या आट्याचं एक माप) एक पिन त्यावर कापून बघा. एका वर्कशॉपमध्ये मी कारागिराला रिंग गेज हाताने फिरवत बसवताना पाहिलंय. शेवटच्या फेऱ्याला तो थांबला, खांदा आणि गेज यांच्यातली फट मोजली, मान हलवली आणि पाइप बाजूला काढला. ती फट तुम्ही माझ्याहून चांगली ओळखता. आणखी एक : या कामाला एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) लायसन्स लागेल का, हे लेखी विचारा. लागणार असेल तर त्याचा खर्च आणि वेळ वरच्या हिशोबात धरलेला नाही.

मला खरी काळजी वाटते ती उधारीची. तुम्ही लिहिता की बिल ९० दिवसांनी सुटतं आणि जून ते सप्टेंबर काम निम्म्यावर येतं. नव्या मशीनवर महिन्याला १० लाखांची बिलं झाली तर ३० लाख कायम बाहेर अडकलेले. शिवाय बिलावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८० हजार, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तुम्ही भरायचा, पैसे आलेले नसले तरी. तुमचं काम बहुतांश मजुरीचं, त्यामुळे इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) बेताचंच. नफा दाखवणारी वर्कशॉप्स इथे बुडतात. म्हणून मशीनच्या कर्जासोबतच कॅश क्रेडिटची (रोजच्या खर्चासाठी लागेल तेव्हा उचलायच्या कर्जाची) मर्यादा मंजूर करून घ्या, नंतर नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करारावर सही करण्याआधी हवी. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण एकुलत्या एक मोठ्या गिऱ्हाइकावर कोण तक्रार करतं? म्हणून आत्ताच, ते तुमच्या मागे असताना, ट्रेड्सवर (लहान उद्योगांची बिलं बँकांना विकायच्या ऑनलाइन मंचावर) बिलं स्वीकारायला त्यांना तयार करा. त्यांनी बिल मान्य केलं की बँक व्याज कापून लगेच पैसे देते.

करारात किमान कामाची रक्कम मागा. बहुधा नाही म्हणतील. मग निदान काम बंद करण्याआधी ९० दिवसांची लेखी सूचना मागा. तेवढंही देत नसतील तर हे मशीन त्यांच्या भरवशावर घेऊ नका, स्वतःच्या भरवशावर घ्या. पायलिंगवाले, बोअरवेलवाले, जमिनीखालून पाइप टाकणारे, सगळ्यांच्या रॉडना आटे असतात आणि त्यांना तेलाच्या भावाशी देणंघेणं नाही. वर्षभरात या एका गिऱ्हाइकाचा वाटा ५० टक्क्यांवर आणा.

घराबद्दल : लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची हमी आता १० कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळते, तारणाशिवाय. मॅनेजर तरी घरच मागेल, कारण त्याला ते सोपं पडतं. एका बँकेने नाही म्हटलं तर दुसरीकडे जा, हमीची फी भरावी लागली तरी चालेल. वहिनींची जामीनदार म्हणून सही मागितली तर त्यांच्यासमोर बसून हा सगळा हिशोब आधी मांडा. मुलीच्या नावचा पीपीएफ या गणितात धरू नका. तिची पहिली फी आणि मशीनचे पहिले हप्ते एकाच वर्षात येणार आहेत.

सूचनेच्या मुदतीवर त्यांचं उत्तर आलं की मसुदा पुन्हा पाठवा. तोवर मशीनवाल्याला टोकन देऊ नका.