दाखला कशाचा मागायचा?

प्रश्न: सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, माणसाने आपलं लिंग स्वतः ठरवावं. मग उद्या कुणी ‘मी मनाने अमक्या जातीचा’ म्हणाला, तर त्याला नाही कसं म्हणणार? आमच्या दशावतारात बाप्ये रात्रभर राणी होतात, त्यांना कोण दाखला विचारतो?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: दशावतार आधी बाजूला काढू. स्त्रीपार्टी राणी होतो तो जत्रेपुरता. पहाटे खेळ संपला की तोच माणूस देवळामागे खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसतो, लुगडं पेटाऱ्यात टाकतो आणि पुढच्या गावची वाट धरतो. आपण बाई आहोत असं त्याचंही म्हणणं नसतं. न्यायालयापुढचा प्रश्न होता तो रंग पुसल्यावरही जे उरतं त्याचा.

बाकी प्रश्न खरा, आणि जुनाही. गोऱ्या आईबापांची रेचल डोलेझल स्वतःला काळी म्हणवते, हे अमेरिकेत २०१५ मध्ये उघड झालं. रेबेका टुवेल या तत्त्वज्ञ बाईंनी २०१७ मध्ये लिहिलं, की लिंगबदल मान्य करताना दिलेली कारणं वंशबदलालाही लागू पडतात. केवढा गदारोळ! लेख मागे घ्या म्हणून शेकडो अभ्यासकांनी सह्या केल्या. लेख मागे घ्यायला लावणं मला पटलं नाही. चुकलं वाटतं तर खोडून काढा की!

पण टुवेलबाईंचंही पटत नाही. जात पडताळणीला काय मागतात? ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा, म्हणजे बहुधा आजोबांचा शाळेचा दाखला, वर वंशावळ. जात वाडवडिलांकडून येते, पाणवठ्यावरच्या अपमानासकट. बाईपण वंशावळीने येत नाही. एकाच आईच्या पोटी मुलगाही जन्मतो, मुलगीही.

अर्थात जन्म म्हणजेच सगळं, असंही नाही. आंतरजातीय लग्नाच्या मुलाला बापाचीच जात लागते असं नाही, असं न्यायालय २०१२ मध्ये म्हणालं. आईच्या समाजात वाढून त्याने तीच अवहेलना सोसली असेल, तर आईची लागू शकते. म्हणजे मोजायचं ते भोगलेलं.

इथे माझी बाजू जरा लंगडी पडते, कारण बाईपणही लहानपणापासून भोगलेलंच असतं. शिवाय २०१४ च्याच निकालाने तृतीयपंथीयांना मागास मानून आरक्षण द्यायला सांगितलं. तिथे नुसत्या शब्दावर भागेल का? माझ्या मते भागावं. तृतीयपंथी म्हणून नाव लावल्यावर घरी-दारी जे वाट्याला येतं, ते पाहता खोटं नाव लावायला कोण पुढे येणार?