ट्रेमध्ये जागा सोडा: सॉसेज आणि भाजलेल्या भाज्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी मी एकाच ट्रेमध्ये होणारं रात्रीचं जेवण दिलं होतं. आठ सॉसेज, अर्धा किलो बटाटे, दोन गाजरं, दोन कांदे, एक ढोबळी मिरची, लसणाचा अख्खा गड्डा, दोन मोठे चमचे तेल, मीठ-मिरी, आणि २०० डिग्रीवर पाऊण तास, त्यात सॉसेज शेवटची १८ मिनिटं. त्यावर खूप प्रश्न आलेत. बऱ्याच जणांचं छान झालं, काही जणांचं बिघडलं, आणि ज्यांचं बिघडलं त्यांनी नेमकं काय झालं ते नीट लिहून पाठवलं याचा मला फार आनंद झाला, कारण त्यामुळे उत्तर देता येतं. आज सगळे प्रश्न याच एका पदार्थाचे घेते.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलं तसंच सगळं केलं, पण भाज्या भाजल्याच नाहीत, उकडल्यासारख्या झाल्या आणि ट्रेच्या तळाशी पाणी साठलं. सॉसेजपण पांढुरके राहिले. आमचा २८ लिटरचा ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) आहे, चौघांसाठी केलं होतं. (वाकड, पुणे)

तुमचं काही चुकलं नाही, मी ट्रेचा आकार लिहायला हवा होता तो राहिला. ते माप मोठ्या ओव्हनच्या ट्रेचं आहे, २८ लिटरच्या ओटीजीच्या ट्रेमध्ये तेवढ्या भाज्या बसतात पण एकावर एक बसतात, आणि सगळी गडबड तिथेच होते. भाजीत पाणी भरपूर असतं, ते तापलं की वाफ होते, आणि वाफेला बाहेर पडायला जागा नसेल तर ती शेजारच्या फोडीला जाऊन चिकटते. फोड वरून ओली आहे तोपर्यंत तिचं तापमान १०० डिग्रीच्या फारसं वर जातच नाही, मग ओव्हन तुम्ही २०० वर ठेवा नाहीतर २३० वर ठेवा. आपल्याला हवा असतो तो खरपूस तपकिरी रंग, तो यायला साधारण १४० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे आधी फोड वरून कोरडी झाली पाहिजे, रंग त्यानंतर.

रायगडकडची पोपटी ज्यांनी खाल्लीय त्यांना हे लगेच कळेल. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी मडक्यात भरतात, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड गच्च बंद करतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. तिथे वाफ कोंडायचीच असते, शेंगा त्या वाफेवर आणि पाल्याच्या वासावर शिजतात म्हणून तर त्या इतक्या मऊ लागतात. ट्रेचं काम बरोब्बर उलटं आहे, इथे वाफ पळून गेली पाहिजे.

तर असं करा. चौघांचं दोन खेपांत करा, किंवा दोघांपुरतंच माप घ्या. दोन फोडींच्या मध्ये बोट जाईल एवढी जागा सोडायची. भाज्या धुतल्यावर पंच्यावर पसरून कोरड्या करून घ्या, हे पाच मिनिटांचं काम आहे पण फरक खूप पडतो. ओटीजीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही रॉड चालू ठेवून १५ मिनिटं आधी तापवा आणि ट्रे रिकामाच आत ठेवून तापू द्या. तेल लावलेल्या बटाट्याच्या फोडी त्या गरम ट्रेवर टाकल्या की चर्र आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर ट्रे तापलेला नाही, परत आत ठेवा.

आणि सगळं एकदम टाकायचं नाही. बटाटा आणि गाजर दीड-दोन इंचाच्या फोडी करून आधी २० मिनिटं एकटेच जाऊ देत. मग ट्रे बाहेर काढून फोडी उलटायच्या, तेव्हा बटाट्याची खालची बाजू ट्रेला चिकटलेली वाटली तर ओढू नका, अजून दोन-तीन मिनिटं थांबा, खरपूस झाली की ती आपोआप सुटते. त्यानंतर कांद्याचे जाड काप, ढोबळी मिरची, फ्लॉवर आणि सॉसेज. फ्रोजन चिकन सॉसेज आपल्याकडे बहुतेक वेळा आधीच शिजवलेले येतात (पाकिटावर वाचून खात्री करा), त्यांना १५ ते १८ मिनिटं पुरतात. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, बर्फ असलेले टाकलेत तर तेही पाणीच सोडणार. तिरक्या दोन-तीन चिरा दिल्यात तर कडा उघडतात आणि तिथे छान रंग येतो. फ्रोजन मिक्स भाज्यांचं पाकीट मात्र यात वापरू नका, त्या पुलावाला ठीक आहेत.

प्रश्न : मी बटाटे आणि सॉसेजला भरपूर मालवणी मसाला चोळून ठेवला होता. वास सुरुवातीला मस्त आला, पण खाताना सगळं कडू. मसाला जुना होता म्हणून का? (ठाणे)

जुना असेल तर वास कमी येतो, असं कडू नाही होत. मसाला करपलाय. कालवणात मसाल्याला पाणी मिळतं, इथे तो पाऊण तास कोरड्या गरम हवेत उघडा बसतो, आणि त्यातल्या मिरच्या-धणे वगैरे आधीच भाजलेले असतात, त्यांना पुन्हा भाजायला वेळ लागत नाही. सुरुवातीला फक्त तेल, थोडं मीठ, फार तर हळद. मसाला एका वाटीत चमचाभर तेलात कालवून ठेवा आणि शेवटची सात-आठ मिनिटं राहिली की ट्रेवर घालून हलवा. गोडा मसाल्याचंही तेच, लाल भोपळा आणि रताळ्यावर तो इतका सुंदर लागतो की मी कधीकधी सॉसेज न घालता नुसतं तेवढंच करते. लसूण चिरून घातलात तर तोही करपतो, पाकळ्या सालासकट टाका, आत लोण्यासारख्या मऊ होतात, मग ताटात दाबून बाहेर काढायच्या. लिंबू गॅस बंद केल्यावर, म्हणजे ओव्हन बंद केल्यावर पिळा, आणि ट्रे ॲल्युमिनियमचा असेल तर ताटात वाढल्यावरच पिळा.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लीड्सला शिकायला आलोय, चार जणांत एक किचन आहे. इथले पोर्क सॉसेज आणून तुमच्या वेळेप्रमाणे १८ मिनिटं ठेवले, बाहेरून काळे झाले आणि आत गुलाबी, गिळगिळीत. तसेच खाल्ले तर चालतात का? (लीड्स)

नाही, अजिबात खाऊ नकोस. तिकडच्या सुपरमार्केटात मिळणारे ते जाडे पोर्क सॉसेज कच्चे असतात, आपल्या फ्रोजन चिकन सॉसेजसारखे शिजवलेले नसतात, म्हणून माझी १८ मिनिटं तुला लागूच होत नाहीत. त्यांना साधारण ३० मिनिटं तरी लागतात. आणि बाहेरून काळे का झाले, तर तिकडच्या बऱ्याच ओव्हनला पंखा असतो, पंखा चालू असेल तेव्हा २०० च्या जागी १८० ठेवायचं, ट्रे मधल्या खाचेत ठेवायचा. बटाटे दहा मिनिटं आधी जाऊ देत, मग सॉसेज, मध्ये एकदा उलटायचे. काट्याने टोचू नकोस, आतली चरबी वाहून जाते आणि सॉसेज कोरडे पडतात.

एक छोटा किचन थर्मामीटर घे, महाग नसतो. सॉसेजच्या टोकाकडून मधोमध खुपसायचा, ७४ डिग्री दाखवले की झालं. नुसत्या रंगावर जाऊ नकोस. कच्च्या सॉसेजला हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि ते कापलेल्या सुरीने काकडी चिरायची नाही, चौघांचं किचन असताना तर हे जास्तच सांभाळ. सगळं सांगितल्यावर अजून एक, बटाटे आधी मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळून, पाणी काढून, पातेल्यावर झाकण धरून जरा खळखळवायचे. कडा भुसभुशीत होतात आणि त्याच कडा नंतर कुरकुरीत होतात. इंग्लंडमध्ये रविवारच्या रोस्टचे बटाटे असेच करतात, शिकूनच ये.

प्रश्न : आम्ही म्युनिकला आहोत. इथे सॉसेजचे इतके प्रकार आहेत, ट्रेमध्ये कुठला घालायचा? (म्युनिक)

नावात ब्राटवुर्स्ट असेल तो भाजायचा. न्युर्नबर्गचे ते बोटाएवढे, सात ते नऊ सेंटीमीटरचे असतात ना, ते यासाठी फार छान, पण लहान आहेत म्हणून अगदी शेवटी घाला, १२ ते १५ मिनिटं. काही ठिकाणी तेच कच्चेही मिळतात आणि शिजवलेलेही, दुकानात विचारून घ्या. तुमच्या म्युनिकचा पांढरा वाइसवुर्स्ट मात्र ट्रेमध्ये घालू नका. तो गरम पाण्यात, पाणी न उकळता, नुसता गरम करून साल काढून गोड मोहरीच्या चटणीबरोबर खायचा असतो, भाजला की त्याची सगळी मजा जाते. भाज्यांत कोबीचे जाड काप घालून बघा, कडा काळपट झाल्या की गोडवा उतरतो.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही, साधा मायक्रोवेव्ह आहे. त्यात होईल का? (नाशिक)

साध्या मायक्रोवेव्हमध्ये शिजेल पण भाजणार नाही, आणि सॉसेजचं साल रबरासारखं होतं. त्यापेक्षा गॅसवर करा, मी कितीतरी वर्षं गॅसवरच केलंय. बिडाचा मोठा तवा किंवा पसरट लोखंडी कढई चांगली तापवा, तेल घाला, बटाट्याच्या पातळशा चकत्या एका थरात लावा, झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. मग झाकण काढायचं ते परत ठेवायचं नाही. आच वाढवून बटाटे उलटा, कडेला सरकवा, मध्ये सॉसेज, त्यांना रंग आला की कांदा आणि ढोबळी मिरची शेवटची पाच मिनिटं. झाकणाच्या आतल्या बाजूला साठलेलं पाणी कढईत सांडू देऊ नका, तेवढं एक बघा. एअर फ्रायर असेल तर तोही चालतो, पण भांडं लहान असतं, दोघांचंच करा.

प्रश्न : माझ्या मुलांना (३ आणि ७ वर्षं) हे इतकं आवडलं की रोज मागतात. आठवड्यातून किती वेळा दिलं तर चालेल? (कोल्हापूर)

भाज्या रोज द्या, सॉसेज रोज नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज त्यातच येतात) पहिल्या गटात घातलं, म्हणजे ज्यांच्यामुळे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे अशा गोष्टींच्या गटात. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांनी म्हटलंय. हे रोज खाण्याबद्दल आहे, महिन्यातून दोनदा खाल्ल्याने घाबरून जायचं कारण नाही, पण पोरांना सवय रोजची लागू नये असं मला मनापासून वाटतं. त्यात मीठही खूप असतं, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगतात, तर तीन वर्षांच्या मुलाला किती कमी लागत असेल बघा. म्हणून सॉसेज घालाल त्या दिवशी भाज्यांना मीठ जवळजवळ घालूच नका. बाकी वेळी तोच ट्रे, तेच बटाटे-गाजर, आणि सॉसेजच्या जागी चिकनच्या तंगड्या, ३५ ते ४० मिनिटं.

आणि धाकट्यासाठी एक फार महत्त्वाचं. सॉसेजच्या गोल चकत्या करून देऊ नका. ती चकती बरोबर लहान मुलाच्या घशाच्या मापाची असते, अडकली तर श्वास बंद होतो. आधी उभा चिरा, परत उभा चिरा, मग बारीक तुकडे, आणि खाताना जवळ बसा.

प्रश्न : म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चोरिसची माळ आणलीय. ती या पद्धतीने केली तर चालेल का? (गिरगाव, मुंबई)

चालेल, पण सगळे नियम बदलतात. गोव्याचं चोरिस म्हणजे डुकराचं मांस मीठ, लाल मिरची, लसूण, आलं, मसाले आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवून वाळवलेलं. ते वाळलेलं असतं, पण कच्चंच असतं, तसंच २०० डिग्रीवर ठेवलंत तर दगड होईल. म्हणजे आत्तापर्यंत ज्या वाफेला मी पळवून लावत होते ती इथे थोडा वेळ कोंडायला हवी.

दोरा सोडून, वरचं आवरण काढून मणी मोकळे करा. खोलगट ट्रेमध्ये छोटे बटाटे अर्धे करून आणि दोन-तीन कांदे जाड चिरून घाला, त्यात चोरिस, वर अर्धा कप पाणी. तेल नाही, मीठ नाही, मसाला नाही, सगळं त्यात आहे. वरून आधी बटर पेपर आणि त्यावर फॉइल गच्च लावा, कारण व्हिनेगरची आंबट वाफ थेट फॉइलला लागू द्यायची नाही. १८० डिग्रीवर २५ मिनिटं. मग झाकण काढा, तेव्हा तळाशी केशरी-लाल पाणी दिसेल आणि त्यावर चरबी तरंगत असेल. बटाटे त्यात घोळवून २०० वर आणखी २० मिनिटं उघडंच ठेवा. पाणी आटतं, बटाटा ती लाल चरबी पिऊन घेतो, कांद्याच्या कडा चिकट आणि गोड होतात. खिडकी उघडी ठेवा, व्हिनेगरचा वास घरभर जातो.

चारजणांना साताठ मणी पुरतात, जास्त घालू नका, बटाटेच जास्त हवेत. गरमगरमच वाढा, गार झालं की चरबी थिजते. पोई (गोव्याचा पाव) मिळाली तर उत्तम, नाहीतर गिरगावात बेकरीचा पाव आहेच, तो ट्रेच्या तळाला फिरवून खा.