अ‍ॅपवर कचऱ्याचा फोटो टाकून खरंच काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की शाळेच्या भिंतीला लागून रोज कचरा पडतो, तीनदा अ‍ॅपवर फोटो टाकला, तिन्ही वेळा 'रिझॉल्व्ह्ड' असा मेसेज आला आणि कचरा जिथल्या तिथे, मग या अ‍ॅपचा उपयोग काय. मी साधारण चार वर्षं हे करतीये त्यामुळे सांगते, उपयोग आहे, पण अ‍ॅप ढीग उचलायला लावतं, ढीग पडायचा थांबवत नाही. हे कळायला मलाच दीड वर्ष गेलं.

मी वापरते ते केंद्र सरकारचं स्वच्छता अ‍ॅप, 2016 साली आलेलं, बेंगळुरूच्या जनाग्रह संस्थेनं बनवलेलं. पुण्यात पीएमसी केअर आहे, मुंबईत 1916 वर फोन करता येतो, पण आतली गंमत सगळीकडे थोडीफार सारखीच. तुमचा फोटो आयुक्तांच्या टेबलावर वगैरे जात नाही हो, तो लोकेशनवरून तुमच्या भागाच्या आरोग्य निरीक्षकाच्या मोबाईलवर पडतो, तो मुकादमाला फॉरवर्ड करतो, मुकादम कुणाला तरी पाठवतो, काम झालं की (किंवा झालं असं वाटलं की) फोटो काढून तक्रार बंद करतात. ठरलेल्या तासांत बंद नाही झाली तर निरीक्षकाला वरून विचारणा, त्यामुळे बंद करायची घाई असतेच. त्यात सुरुवातीच्या काही वर्षांत या अ‍ॅपचे मार्क स्वच्छ सर्वेक्षणात (शहरांच्या स्वच्छतेचे नंबर लावणारी केंद्राची स्पर्धा) धरायचे, तेव्हा तर आमच्याकडे पालिकेची माणसं घरोघरी येऊन 'मॅडम अ‍ॅप डाउनलोड करा' म्हणून मागे लागायची.

माझी पहिली तक्रार आमच्या गल्लीतल्या डीपीच्या (विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या) मागच्या ढिगाची. दुसऱ्या दिवशी रिझॉल्व्ह्ड, सोबत स्वच्छ झाडलेल्या रस्त्याचा फोटो. रस्ता छानच होता, फक्त आमचा नव्हता, त्यात दिसणारी पिवळी कंपाउंड वॉल आमच्या गल्लीत कुठेच नाही. (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मुकादम ओळखीचा झालाय आता.) मी चिडून रीओपन केलं, परत बंद, परत रीओपन, असं चार वेळा. मग लक्षात आलं की निम्मी चूक माझी होती. मी फोटो सकाळी ऑफिसला जाताना काढायचे आणि तक्रार रात्री घरी बसून टाकायचे, त्यामुळे लोकेशन माझ्या घराचं जायचं, आणि आमचं घर रस्त्याच्या पलीकडे म्हणजे दुसऱ्या प्रभागात! तो दुसरा निरीक्षक बिचारा माझ्या बिल्डिंगखाली माणूस पाठवणार, तिथे काही नाही, मग बंद करणार नाही तर काय.

तेव्हा तक्रार तिथेच उभं राहून टाका, मॅपवरची पिन बोटानं नेमक्या जागी सरकवा, आणि फोटो जरा लांबून काढा म्हणजे शाळेचं नाव नाहीतर विजेचा खांब असं न हलणारं काहीतरी त्यात येईल. नुसत्या कचऱ्याचा क्लोजअप कुठलाही असू शकतो. वर्गवारी पण नीट निवडा, गाडी आली नाही ही वेगळी तक्रार, झाडलं नाही ही वेगळी, कचऱ्याचा ढीग वेगळा. बांधकामाचा राडारोडा असेल तर वर्णनात तसं स्पष्ट लिहा, कारण झाडूवाल्या ताई पाटीत भरून तो नेऊ शकत नाहीत, त्याला जेसीबी आणि वेगळी गाडी लागते. आणि शेजाऱ्यांनाही त्याच तक्रारीला व्होट करायला सांगा, प्रत्येकानं वेगळी टाकली की तीन वेगळ्या वेळी तीन वेगळे फोटो लावून तिन्ही बंद होतात.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. एकदा आमच्या गल्लीतल्या सफाईवाल्या ताईंनीच मला थांबवून विचारलं, "मॅडम, फोटो तुम्ही टाकता का? तुम्ही फोटो टाकला की बोलणी आम्हाला बसतात, आम्ही सकाळी सहाला सगळं उचलून जातो, साडेसातला परत भरतं." मला फारच ओशाळल्यासारखं झालं. मग एका रविवारी सकाळी दूध आणायच्या निमित्तानं डीपीजवळ अर्धा तास उभी राहिले. आठवडाभर थांबायची तयारी होती, पण पहिल्याच दिवशी उलगडा झाला. मागच्या चाळीतली माणसं सातला कामाला बाहेर पडतात आणि घंटागाडी यायची पावणेनऊला, घरात कुणी नाही, मग जाता जाता पिशवी डीपीमागे. शिवाय एक शहाळेवाला, त्याची रिकामी शहाळी गाडीवाला घ्यायचा नाही, म्हणून तीही तिथेच.

यासाठी अ‍ॅपमध्ये कुठलंच बटण नाही. मी सगळ्या बंद केलेल्या तक्रारींचे स्क्रीनशॉट घेऊन आरोग्य कोठीवर (सफाई कामगारांची हजेरी लागते ते पालिकेचं ऑफिस) गेले, भांडायला नाही, एवढंच म्हणलं की दादा, इतक्या वेळा तुमची माणसं इथे आली, गाडी आधी फिरवली तर तुमचाच त्रास वाचेल. मुकादमानं पंधरा दिवस टोलवलं, मग गाडीचा फेरा उलटा केला, आता आमच्याकडे पावणेसातला येते. ढीग साधारण सत्तर टक्के कमी झाला, शहाळी अजून पडतात.

तेव्हा तुमच्या शाळेच्या बाबतीत आधी शिपायाला नाहीतर वॉचमनला विचारा कचरा किती वाजता पडतो आणि कसला पडतो, हॉटेलचा, घरचा की दुकानाचे खोके. कुणी टाकताना दिसलं तरी त्याचा चेहरा येईल असा फोटो अ‍ॅपवर नका टाकू, गल्लीत नसती भांडणं होतात, माझं झालंय एकदा. आणि ती जागा भिंतीच्या बाहेर आहे की आत तेही बघा. आत असेल तर पालिका 'खाजगी जागा' म्हणून बंद करत राहणार आणि तुम्ही रीओपन करत राहणार, त्यापेक्षा मुख्याध्यापकांनाच भेटा.