दर सर्वांत कमी असूनही निविदा रद्द झाली, तर हायकोर्टात जाता येतं का?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: नगरपरिषदेच्या गटारकामात तुमचा दर सर्वांत कमी निघाला, महिनाभर कुणी काही बोललं नाही आणि मग पोर्टलवर 'प्रशासकीय कारणास्तव निविदा रद्द' एवढीच ओळ आली. आता फेरनिविदा निघाली आहे.

मी वकील नाही. सरकारी बांधकाम कार्यालयात निविदा लिपिक होतो, आता निवृत्त आहे. 'प्रशासकीय कारणास्तव' हे शब्द मी स्वतः कितीदा टाइप केलेत! त्यामागे कधी निधी नसतो, कधी अंदाजपत्रक चुकलेलं असतं, कधी नुसता वरून फोन आलेला असतो.

आधी कडू ते सांगतो. दर कमी म्हणून काम तुमचं, असा हक्क कायद्यात नाही. स्वीकृतीपत्र हातात पडेपर्यंत तुमचा तो फक्त देकार, म्हणजे नुसता प्रस्ताव. झारखंडच्या सीडब्ल्यूई-सोमा प्रकरणात (२०१६) तीन निविदांपैकी दोन बाद झाल्या, एकच उरली, म्हणून सरकारने सगळी प्रक्रिया रद्द केली. हायकोर्टाने ठेकेदाराच्या बाजूने निकाल दिला होता, तो सुप्रीम कोर्टाने फिरवला. स्पर्धाच उरली नाही, हे कारण त्यांना पटलं.

म्हणून 'माझा दर कमी होता' यावर भांडू नका. भांडायचं ते नस्तीवर, म्हणजे कार्यालयातल्या फाइलवर. रद्द करायचं कुणी ठरवलं, आणि त्या दिवशी टिपणीत काय कारण लिहिलं होतं?

२०२४चा सुबोध कुमार सिंह राठोर निकाल वकिलांना आवर्जून दाखवा. कोलकात्यातल्या दोन भुयारी मार्गांची देखभाल आणि तिथले जाहिरातीचे हक्क, असं ते काम होतं. देकार स्वीकारून झाल्यावर प्राधिकरणाने 'तांत्रिक चूक' म्हणून निविदा रद्द केली. सुप्रीम कोर्टाने आतल्या टिपण्या पाहिल्या, तर निर्णयामागे मंत्र्यांचं सांगणं निघालं. रद्दचं पत्र कोर्टाने रद्द केलं. अर्थात तिथे स्वीकृती झाली होती, तुमच्याकडे ती नाही. हा फरक समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत काढणार.

यातलं मूळ तत्त्व आपल्या मुंबईचंच आहे. अंधेरीत थिएटर बांधायला पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली आणि पुढे सरकारच्या सूचनेवरून ती रद्द केल्याचं कळवलं. गोरधनदास भानजी खटल्यात १९५१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अधिकार ज्याचा, निर्णय त्यानेच स्वतःच्या डोक्याने घ्यायचा. आणि आदेशात जे लिहिलं नाही, ते मागाहून खुलासे देऊन त्यात घालता येत नाही. आमच्याकडे नोटीस आली की कारणं शोधायला बसणारे साहेब मी पाहिलेत, म्हणून हा निकाल मला फार आवडतो.

आता घाई कशाची, तर फेरनिविदेची. रद्द करण्याची कारणं आजच लेखी मागा, पोच घ्या. माहिती अधिकारात अर्ज जरूर टाका, पण त्याला ३० दिवस लागतात. तोवर नव्या ठेकेदाराला कार्यारंभ आदेश मिळाला की कोर्ट सहसा चालू काम थांबवत नाही. त्यापेक्षा अनुच्छेद २२६ची, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट हायकोर्टात करायची याचिका लवकर करून नस्तीच कोर्टापुढे मागवायची विनंती करा. तुम्ही साताऱ्याचे, म्हणजे मुंबईची फेरी वाचली. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू आहे.

फेरनिविदा भरायची की नाही, हे वकिलांना विचारून ठरवा. भरलीत तर आधी 'हक्क राखून भाग घेत आहे' असं पत्र द्या, नाहीतर तुम्ही रद्द करणं मान्य केलं असं म्हणतील. बयाणा रक्कम (निविदेसोबत भरलेली अनामत) परत घेतानाही तेच वाक्य, आणि पत्रावर आवक क्रमांक टाकून घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.